हरलेल्याच्या घरी

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी काझी सर हरलेल्याच्या घरी जात. ग्रामपंचायत असो, सेवा सोसायटी असो, नाहीतर शाळेची समिती. निकालाच्या संध्याकाळी सगळं गाव जिंकलेल्याच्या दारात असतं. डीजे लागतो, जेसीबीच्या तोंडातून गुलाल उधळतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चहाचं पातेलं खाली उतरत नाही. हरलेल्याच्या दारात त्या दिवशी सोयरासुद्धा चप्पल काढत नाही. तिथं हा माणूस आपली जुनी लुना उभी करायचा, हँडलची पिशवी काढायचा आणि बाहेरूनच विचारायचा, “हायत का घरी?”

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तेलगावकडच्या एका खेड्यात बप्पा म्हणून एक गृहस्थ ग्रामपंचायतीला अकरा मतांनी पडले होते. त्यांच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, “घरी न्हाईत. परगावी गेलेत.” तेवढ्यात गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. सर तसेच ओट्यावर बसले, पिशवीतून वही काढली आणि कोरं पान उघडून मांडीवर ठेवलं. पाच-दहा मिनिटांनी बप्पा गोठ्यातून बाहेर आले. डोक्याला कडब्याचा पाला चिकटलेला.

“सर, तुमी घर चुकलाव. गुलाल तिकडं हाय, मारुतीच्या मागं.”

“मला गुलालानं शिंका येतेत,” सर म्हणाले. “जेवलाव का?”

“काल सकाळपसून पोटात काय न्हाई बघा.”

“जिंकलेला भेटला?”

“भेटतोय मी! त्याच्या…” बायको उभी होती म्हणून बप्पांनी पुढचं गिळलं.

“बरं. परत उभं राहणार?”

बप्पांनी डोक्याचा पाला झटकला. मग म्हणाले, “पाच वर्सं हायेत की अजून.”

सरांनी वहीत काहीतरी टिपलं आणि आत हाक दिली, “वैनी, बप्पाला भाकर वाढा आन् आमाला चहा टाका. माणूस परत उभा राहणार हाय.”

येताना लुनाच्या आवाजावर आवाज चढवून ते मला चिलीबद्दल सांगत होते. तिथं एक जनरल होता. त्यानं लोकांनाच विचारलं, मी राहू का नको. त्याला वाटलं, नको म्हणायची छाती कुणाची आहे. लोक नको म्हणाले. “आता तू सांग अशोक, त्या रात्री त्याला काय काय वाटलं असंल? फौज हाय, बंदुका हायत. आन् तरी एक दिवस खुर्ची सोडावी लागली. जिंकता तर राजालाबी येतं बे. हरून घरी जायचं, जेवायचं, आन् परत उभं राहायचं, हे ज्या देशाला जमलं तो लोकशाही झाला. ते कुठं, कधी, कसं जमतं, एवढंच मला हुडकायचंय.”

एवढंच हुडकण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. जे घडलं त्यात इमारतीचा दोष नव्हता. सर राहायला केजला. वडील हातगाड्यावर फळं विकायचे, थोरल्या भावाचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. घरात शिकलेले हे एकटेच. अंगात पांढरा हाफ शर्ट, पायात चामड्याची चप्पल, आणि खिशात पेनच्या जागी शिसपेन्सिल. पासपोर्ट कधी काढला नाही. सगळ्यात लांबचा प्रवास हैदराबादचा, तोही बहिणीच्या लग्नाला. पण पोर्तुगालमध्ये सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत लोकांनी फुलं खोवली हे ते असं सांगायचे की वाटावं, फुलं यांच्याच गल्लीतून गेली होती.

त्यांची वही उभी, लांब, पुठ्ठ्याची. डाव्या पानावर एक देश आणि समोर उजव्या पानावर आपल्याकडचं एक गाव. स्पेनच्या समोर तेलगावकडचं बप्पांचं खेडं, पोलंडच्या समोर घाटनांदूरजवळची एक वाडी, मंगोलियाच्या समोर डोंगरपट्ट्यातला एक तांडा. विद्यापीठातून आलेल्या एका तज्ज्ञानं ती चाळली आणि हसून म्हणाला, “काझी, देशाची तुलना देशाशी करतात. गावाशी नव्हे.” सर म्हणाले, “देशात जाऊन हरलेल्याच्या ओट्यावर मला कोण बसू देतंय सर? गावात बसू देतेत.”

देशांची नावं ते पेन्सिलीनंच लिहीत. विचारलं तर म्हणायचे, “देश मागं फिरतेत. शाईनं लिवलं की खाडाखोड व्हती.” ट्युनिशियाच्या वेळी ते मी पाहिलं. तिथलं सगळं एका फळविक्रेत्यापासून सुरू झालं. त्याचा गाडा, त्याचा तराजू अधिकाऱ्यांनी हिसकावला आणि त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. हे वर्गात सांगताना सर मध्येच थांबले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. नगरपालिकेच्या माणसानं वडिलांचा तराजू नेल्याची हकिगत मला माहीत होती, मुलांना नव्हती. मागच्या बाकावरून एक जण पुटपुटला, “सरला गरम झालं जनू.” पुढं काही वर्षं ट्युनिशिया डाव्या पानावर ठळक होता. मग एक दिवस त्यांनी खोडरबर घेतलं. खोडून झाल्यावर पानावरचा भुसा फुंकला नाही, हातानं गोळा करून टेबलाच्या कडेला ठेवला.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, भारत पेननं का पेन्सिलीनं?” पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, “तुझ्या गावापासून सुरू कर. मागच्या वेळेस तुझ्या गावात मतदान झालं?”

“नाही सर. बिनविरोध झाली.”

“मग तुझ्या गावासाठी पेन्सिलबी न्हाई. टोक करून ठेव.”

बिनविरोध या शब्दावर त्यांचा राग होता. बाकी कशावर चिडलेले मी त्यांना पाहिलं नाही. आपल्याकडं ही मोठी रीत आहे. चार वडीलधारी माणसं पारावर बसतात, कुणी उभं राहायचं ते ठरवतात, बाकीच्यांना माघार घ्यायला लावतात. भांडण नको, खर्च नको, गावाची एकी दिसते. घाटनांदूरकडच्या अशाच एका बिनविरोध गावानं सत्काराला सरांना बोलावलं होतं. लोकशाहीचे प्राध्यापक, म्हणून. शाल घातली, नारळ दिला, माईक दिला. सर उभे राहिले आणि म्हणाले, “तुमचं गाव लई चांगलं हाय. रस्ता चांगला, शाळा चांगली, नळाला पाणी. फक्त हितं माणसाला हरायची सोय न्हाई. ज्या गावात हरता येत न्हाई तिथं जिंकलेलाबी खरा नसतो.”

मंडपात मग एक म्हातारा उठला. “कावून बोलावलं बे ह्यांना?” जेवणाचं आमंत्रण होतं, ते हळूच विरून गेलं. येताना आम्ही रस्त्यावरच्या टपरीत भजी खाल्ली. सर नारळ फोडायला दगड शोधत होते आणि स्वतःशीच हसत होते. “शाल परत मागितली न्हाई, ही त्यांची मोठी माणुसकी.”

ते एकदाच आपल्या आजोबांबद्दल बोलले. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस. पहिल्या मतदानाला निघाले तेव्हा ठेवणीतली शेरवानी घातली होती. निजामाचं राज्य पडल्यानंतरचा तो काळ त्यांच्यासारख्या मुसलमानांना बाहेर पडायला भीती वाटावी असाच होता. मत देऊन आले आणि दिवसभर पलंगावर गप्प बसून राहिले. आजीनं विचारलं, काय झालं, कुणी काही बोललं का. आजोबा म्हणाले, “वोच तो. कोई कुछ बोल्याच नै. नाम पूछे, कागद दिये, जाव बोले.” सर म्हणाले, “अशोक, आपला जिल्हा लोकशाही कसा झाला हे विचारलं तर मला तो पलंग आठवतो.”

आता लिहायला हवं ते लिहितो. इतकी वर्षं या जागी आलो की मी पेन खाली ठेवत होतो.

शिकून झाल्यावर मला त्याच कॉलेजात, त्यांच्याच विभागात नेमणूक मिळाली. त्यांनीच शब्द टाकला होता. तेव्हा आम्ही एकतीस शिक्षक होतो. संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षकांमधून एक प्रतिनिधी निवडून द्यायचा असतो, तसं नियमात लिहिलेलं आहे. कॉलेज निघाल्यापासून ही निवडणूक कधी झाली नव्हती. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे नाना म्हणत, एक नाव सांगायचे, एकच अर्ज यायचा, तो माणूस बिनविरोध. त्या वर्षी नाव होतं नानांच्या भाच्याचं, कदमांचं. ते आमचे क्रीडाशिक्षक. माणूस वाईट नव्हता.

सरांनी ठरवलं, आपण उभं राहायचं.

“सर, पडाल,” मी म्हणालो.

“पडणारच हाय. चार मतं पडतेल, लई तर पाच. पण मतं पडतेल की अशोक! स्टाफरूममधी पेटी ठेवली जाईल, माणसं एकेक करून आत जातेल. हे मला एकदा बघायचंय. वीस वर्षं पोरांना मतपेटी फळ्यावर काढून दाखवतोय मी.” भावाकडून त्यांनी पत्र्याची एक लहानशी पेटीसुद्धा करून घेतली होती. वर बोटभर फट, कडीला इवलंसं कुलूप.

अर्जावर एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक म्हणून ग्रंथपालांनी सही केली. ते दोन महिन्यांत निवृत्त होणार होते, त्यांना कुणाचं भय नव्हतं. अनुमोदक मी. सही सरांच्या घरी केली. फरिदाभाभींनी कांदाभजी केली होती, तेलकट बोटं मी रुमालाला पुसली आणि सही केली. भाभी म्हणाल्या, “सोच के करो भाई. इन का क्या, ये तो हारने को खडे हैं.” आम्ही तिघंही हसलो.

छाननीच्या आदल्या दिवशी नानांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. चहा दिला, गावाकडं पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं. मग म्हणाले, “काझी सर देवमाणूस. पण कॉलेजात मतदान झालं की दोन गट पडतेत. आज आपण एक कुटुंब हाय. बरं, तुमच्या मान्यतेची फाईल कुठवर आली शिनगारे सर?” माझ्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता यायची होती आणि फाईल संस्थेच्या सहीसाठी त्याच टेबलावर पडून होती. ती मला दिसत होती. नानांनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. बायको त्या वेळी सातव्या महिन्यात होती. हे सगळं खरं आहे, आणि कारण म्हणून मी ते पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण धमकी मला कुणी दिली नव्हती. माझं मीच समजून घेतलं.

छाननी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सकाळी अकराला होती. सात-आठ जण होतो. प्राचार्यांनी सरांचा अर्ज उचलला, माझ्यासमोर धरला. “अनुमोदकाची सही आहे. तुमचीच ना?”

मी ती सही पाहिली. श-ची गाठ, शेवटचा फराटा, आणि कोपऱ्यात भज्याच्या तेलाचा ठिपका. मी म्हणालो, “माझी नाही.”

सूचकाची सही खरी, अनुमोदकाची खोटी. म्हणजे कुणीतरी केलेली. म्हणजे कुणी, हे बोलायची गरजच नव्हती. प्राचार्य सरांकडं वळले. सर माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं तोंडी परीक्षेत साध्या प्रश्नाला चुकीचं उत्तर द्यावं आणि आपण अजून एक संधी म्हणून थांबावं, तसं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं पाहिलं. मग सर प्राचार्यांना म्हणाले, “गडबडीत माझ्याकडूनच काहीतरी चूक झाली असंल. अर्ज बाद धरा.”

अर्ज बाद झाला. कदम बिनविरोध झाले. बाहेर पेढे आले, मीही एक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी मी केजला सरांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. पिठाच्या गिरणीआड उभा राहिलो. सरांचं दार उघडं होतं आणि अंगणात दोन खुर्च्या टाकलेल्या होत्या. एकीवर ते स्वतः बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. दुसरी रिकामी होती. मांडीवर वही नव्हती, हातात पेपर नव्हता. माणसं त्यांच्या समोरून जात-येत होती, सलाम करत होती. मी अर्धा तास तिथं होतो. कुणी आलं नाही. एकदा भाभी बाहेर आल्या, काहीतरी म्हणाल्या, सरांनी मान हलवली. भाभींनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि उचलायच्या ऐवजी तशीच ठेवून आत गेल्या. मी परत फिरलो. तीस-चाळीस पावलांचं अंतर होतं.

महिन्याभरात माझी मान्यता आली.

सर त्या गोष्टीबद्दल कधीच बोलले नाहीत. माझ्याशी अबोला धरला असता तर मला बरं झालं असतं. ते पूर्वीसारखेच पेपर वाचून झाला की परदेशाच्या बातम्यांचं पान घडी घालून माझ्याकडं सरकवायचे. मुलगी झाली तेव्हा भाभींनी शिवलेलं झबलं घेऊन आले. पण लुनावर मागं बसायला त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही, आणि मीही कधी येऊ का म्हणालो नाही. हरलेल्यांच्या घरी ते एकटे जायला लागले. कॉलेजात मात्र ती सही लोकांच्या तोंडी बसली. हजेरीपत्रक फिरलं की कदम म्हणायचे, “सही जपून करा हं, काझी सर बसलेत.” सगळे हसायचे. पहिल्या वेळी मी हसलो नाही. दुसऱ्या वेळी मी हसलो.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ पुढं ढकलला गेला, परीक्षा आहेत म्हणून. मग सुट्ट्या लागल्या. तो झालाच नाही. भाभी वारल्या त्या वर्षी मी मातीला गेलो, मागच्या रांगेत उभा राहून परत आलो. मुलगा पुण्याला. सर भाभींच्या माहेरी, घाटनांदूरला, स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेले असं कानावर आलं. मी विभागप्रमुख झालो. त्यांचंच तासांचं वेळापत्रक, त्यांचाच फळा. चिलीचा जनरल मी शिकवतो. चांगला शिकवतो, असं मुलं म्हणतात.

यंदा उन्हाळ्यानंतर पुन्हा ती निवडणूक आली. ज्येष्ठ म्हणून प्राचार्यांनी निवडणूक अधिकारी मला केलं आणि जुनी इतिवृत्तं माझ्याकडं आली. त्यात ते पान होतं. ‘अनुमोदकाची सही खोटी आढळली. उमेदवाराने चूक मान्य केली. अर्ज बाद.’ खाली उपस्थितांच्या सह्या. सातव्या ओळीत माझी. तीच श-ची गाठ. कुणीही दोन कागद शेजारी ठेवले असते तर कळलं असतं. कुणी ठेवले नव्हते. आमच्या त्या सगळ्या स्टाफमध्ये तुलना करणारा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी मी घाटनांदूरची जीप पकडली.

सर बारीक झाले होते. बनियनवर होते, मला बघून शर्ट शोधायला लागले. खोलीत खाट, पुस्तकं, आणि भिंतीला टेकून वह्यांची चवड. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, “सर, ती सही माझीच होती.”

ते शर्टाची बटणं लावत होते. वरचं लावून झालं. “मला कावून सांगतोस? मी होतो की तिथं. तू माझ्याच पाटावर बसून केलती.”

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुझी फाईल राहिलती ना.” हे त्यांनी अगदी साधं सांगितलं. मी खाटेवर बसलो. मग म्हणाले, “दक्षिण आफ्रिकेत जुलूम करणारांना माफी पायजे व्हती, तर लोकांसमोर बसून बोलावं लागलं. शिकवतोस ना पोरांना? कोंडलेल्या खोलीत मला सांगितलंस तर तुलाच हलकं वाटंल. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांग.”

मी हो म्हणालो. चहा झाला. निघताना त्यांनी विचारलं, “यंदा फॉर्म भरायची तारीख कुठवर हाय?”

“बुधवारपर्यंत.”

“म्हणजे पाच दिवस,” ते म्हणाले, आणि माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची चौकशी.

छाननीच्या दिवशी, अर्ज हातात घ्यायच्या आधी, मी उभा राहिलो. तीच केबिन, फक्त आता एसी बसवलाय. मी सांगितलं. सही माझी होती, मी खोटं बोललो, काझी सरांनी माझा दोष अंगावर घेतला, आणि हे इतिवृत्तात घ्यावं. मी कितीतरी वर्षं ज्या स्फोटाला भ्यालो होतो तो झालाच नाही. कदम आता उपप्राचार्य आहेत. त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला. नव्यानं लागलेल्या शिक्षिकांपैकी एकीनं शेजारणीला विचारलं, “काझी सर कोण?” प्राचार्य म्हणाले, “ठीक आहे शिनगारे सर. मोठेपणा आहे तुमचा. घेऊ नोंद. आता पुढं घ्या, साडेबाराला मीटिंग आहे.”

त्याच दुपारी मी पुन्हा घाटनांदूरला गेलो. पाण्याची बाटली घ्यायचंसुद्धा सुचलं नव्हतं, इतकी घाई. सर दारातच पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, कोण काय बोललं, नोंद कशी होणार. त्यांनी पेपरची घडी घातली. ऐकून घेतलं. “बरं केलंस,” म्हणाले. मग विचारलं, “फॉर्म किती आलते?”

मला समजायला क्षणभर लागला.

“एकच, सर.”

“कुणाचा?”

“कदमांच्या मुलाचा. मागच्या वर्षी लागलाय कॉलेजात. बिनविरोध झाला.”

त्यांनी मान हलवली. बाहेरून एक मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं. ते पाच दिवस मी काय केलं ते मला त्या आवाजात आठवत गेलं. मी काय बोलायचं त्याची तयारी केली होती. कागदावर लिहून, आरशासमोर. अधिकारीपण नाकारून एक अर्ज भरायचा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्या नावावरचा डाग पुसला की झालं, असं मी धरून चाललो होतो. त्यांना त्या डागाचं काही पडलेलं नव्हतं.

“सर, मी…”

“बस. चहा टाकतो.” मी त्यांना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं; पावसाळ्याच्या शेवटी ते गेल्याचा फोन आला. ते भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. गॅसचा लायटर वाजला. पुन्हा वाजला. पेटत नव्हतं. सरांनी लायटर कानाशी धरून हलवून पाहिला, फडक्यानं पुसला, पुन्हा वाजवला. बनियनच्या पट्ट्यातून खांद्याची हाडं वर-खाली होत होती. मी उठून आत जायला हवं होतं. काडेपेटी बाहेरच्या खोलीतच, खाटेशेजारच्या स्टुलावर, माझ्या हाताशी होती. मी तिच्याकडं बघत बसून राहिलो.

शेवटी आतून भक् असा आवाज आला.

“पेटलं,” सर म्हणाले. मला नाही. घरात दुसरं कुणी नसताना माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.